देवीचा चुडा आणि बाईचा चुडा

(नवरात्रानिमित्त कोल्हापूर जिल्ह्यातील एका स्त्री-कार्यकर्त्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



शिबिराच्या संयोजकांनी ‘देवी आणि स्त्री’ हा विषय मला दिला तेव्हा, खरे सांगायचे तर, मी थोडी बिचकले. समाजवादी चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसांना या विषयावर बोलण्याच्या दोनच रीती ठाऊक असतात. देवी, जत्रा, नवस, अंगात येणे या साऱ्याला अंधश्रद्धा म्हणून हात झटकून मोकळे व्हायचे, ही एक रीत. दुसरी रीत अलीकडे फार बोकाळली आहे. नवरात्र आले की ‘स्त्री ही साक्षात शक्ती आहे’ असे म्हणत नऊ कर्तबगार स्त्रियांना व्यासपीठावर बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की सारे विसरून जायचे. या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. जी बाई परडी हातात घेऊन, अनवाणी पायांनी डोंगर चढते, तिला तू का चढतेस हे कोणीच विचारीत नाही. आज मला तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

आपल्या या भागातून दरवर्षी हजारो माणसे सौंदत्तीच्या डोंगरावर जातात. सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. परंतु यल्लम्मेने राज्याची सीमा कधी मानली नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या गावागावांत तिचे ‘जग’ आहेत, म्हणजे देवीचा मुखवटा बसविलेल्या, डोक्यावरून वाहून न्यावयाच्या टोपल्या आहेत. चौंडक्याच्या तालावर तिची गाणी म्हणणाऱ्या जोगतिणी आहेत, साडी नेसून तिची सेवा करणारे जोगते आहेत. सर्वांची आई, असा तिच्या नावाचा अर्थ भाविक लावतात. आपल्याकडची रेणुका ती हीच.

या देवीच्या दोन पौर्णिमा आहेत. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात. कार्तवीर्याने जमदग्नीला मारले आणि रेणुका विधवा झाली, तो हा दिवस. त्या दिवशी देवीच्या बांगड्या फुटतात, तिचे कुंकू उतरते आणि तिच्या जोगतिणीही आपापल्या हातांतल्या बांगड्या फोडतात. पुढे जमदग्नी पुन्हा उठला अशी श्रद्धा आहे. म्हणून माघी पौर्णिमेला अहेव पुनव येते. देवी पुन्हा सवाष्ण होते, तिच्या हातांत हिरवा चुडा चढतो आणि ‘उदं गं आई उदं’ च्या गजरात डोंगर भंडाऱ्याने पिवळा होतो. देवीचे वैधव्य सुमारे दोन महिन्यांचे असते.

माझी एक मावशी होती. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा काचेने मनगट कापले होते. त्याची पांढरी खूण अखेरपर्यंत तिच्या हातावर होती. ती माघी पौर्णिमेला डोंगरावर जात असे. जाताना बाजारातून हिरव्या बांगड्या विकत घेई, देवीपुढे ठेवी आणि मोकळ्या हातांनी परत येई. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिने हा नेम चुकविला नाही. मी लहानपणी तिला विचारले होते, “मावशी, देवीला परत बांगड्या मिळतात, तर तुला का नाही?” ती हसली आणि म्हणाली, “ती देवी हाय. मी माणूस हाय.” मला आज जे सांगावयाचे आहे ते सारे या दोन वाक्यांत आलेले आहे, माझे भाषण म्हणजे केवळ त्याचा विस्तार समजा.

पुढे मी कॉलेजात गेले, चळवळीत आले, चार पुस्तके वाचली आणि साहजिकच मावशीचे प्रबोधन करावयास निघाले. देवी-बिवी काही नसते, हे तुझे शोषण आहे, त्यापेक्षा आमच्या सभेला ये, असे मी तिला ऐकविले. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मग ती जे बोलली ते मी विसरू शकलेले नाही. “तुमच्या सभेत माझं कोण ऐकून घेतंय, पोरी? घरात मी बोललो तर गप बस म्हणत्यात. डोंगरावर मी वरडलो तर माणसं पाया पडत्यात.”

मित्रहो, या उत्तराचा आपण नीट विचार केला पाहिजे. वर्षभर ज्या बाईला दीर, जावा, सासू यांच्यासमोर मान वर करता येत नाही, तिच्या अंगात देवी येते तेव्हा तीच बाई केस मोकळे सोडून घरातल्या कर्त्या पुरुषाला एकेरी हाक मारते, त्याला जाब विचारते, आणि तो हात जोडून उभा राहतो. अंगात कोणी येत नाही, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. पण जे बाहेर पडते ते खोटे नसते. कोंडलेले बोलणे बाहेर पडण्यास समाजाने तिला एवढी एकच खिडकी ठेवली आहे आणि त्या खिडकीला देवीचे नाव दिले आहे. जत्रेचेही तसेच. ज्यांना एरवी घराचा उंबरठा ओलांडण्यास परवानगी लागते त्या बाया देवीच्या नावाने चार-चार दिवस गाडीतून, पायी, दुसऱ्या बायांच्या संगतीने प्रवास करतात, उघड्यावर चूल मांडतात, रात्रभर गातात. मध्यमवर्गीय घरांतली मंगळागौर किंवा भोंडला घ्या. त्यातही सासरच्या माणसांची थट्टा करण्याची सोय आहे, आणि ती देवाधर्माच्या आडोशानेच आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण याहून मोठे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ओव्यांत सीता वारंवार येते. ती सिंहासनावर बसलेली सीता नव्हे. ती वनवासी, टाकलेली, रानात बाळंत झालेली सीता आहे. दळणारी बाई तिच्याशी मैत्रिणीसारखी बोलते. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्या बायांनी आपला इतिहास देवीच्या नावाखाली जपून ठेवला आहे. तो केवळ अंधश्रद्धा म्हणून फेकून देणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा गप्प बसविणे होय.

परंतु, आणि येथे माझा परंतु फार मोठा आहे, या खिडकीची किंमत कोणी आणि किती मोजली, तेही पाहिले पाहिजे.

रेणुकेची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो म्हणून तिच्यातली क्रूरता आपल्या लक्षात येत नाही. पाण्यावर गेलेल्या बाईचे मन एका क्षणासाठी जलक्रीडा करणाऱ्या राजाकडे गेले, एवढाच तिचा अपराध. नवऱ्याने मुलांना आज्ञा केली, आईचे शिर उडवा. थोरल्यांनी नकार दिला. परशुरामाने आज्ञा पाळली, आणि आपण त्याला आज्ञाधारक म्हणून गौरविले. दक्षिणेतल्या लोककथांत पुढे असेही येते की तिच्याबरोबर एका अंत्यज स्त्रीचेही शिर तुटले आणि पुन्हा जोडताना शिरांची अदलाबदल झाली. माहूरला तर देवीचे केवळ मुखच पुजले जाते. संशयावरून मारल्या गेलेल्या एका स्त्रीची आपण देवी केली. तिला मारण्याची आज्ञा देणाऱ्याला मात्र आपण कधी जाब विचारला नाही.

आणि याच देवीच्या नावाने मुली सोडल्या गेल्या. मुलीच्या डोक्यात जट आली, घरात आजार आला, मुलगा होत नाही, दुष्काळ पडला. कारण कोणतेही असो, सात-आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली की ती देवाची झाली. ‘देवदासी देवाची, बायको साऱ्या गावाची’ ही म्हण आपल्याच भाषेतली आहे आणि तिच्यात सारे समाजशास्त्र आले आहे. सोडलेल्या मुली बहुतेक दलित आणि भूमिहीन घरांतल्या होत्या. जट ही न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांची गुंतवळ. पण गरिबाच्या मुलीच्या डोक्यात ती आली की देवीची हाक ठरे, आणि तिच्यापासून चार घरे जगत. कोणी धनिक मंडळी, कोणी दलाल, आणि मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांपर्यंत पोहोचणारी साखळी. यल्लम्मेच्या पदराआड एवढी मोठी बाजारपेठ उभी होती.

या प्रथेविरुद्धची लढाई आपल्या प्रांतात जुनी आहे. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली विधवाविवाहाला कायदेशीर आधार दिला आणि १९२० साली देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, कर्नाटकात १९८२ चा बंदी कायदा झाला, महाराष्ट्रात २००५ चा निर्मूलन कायदा आला. कायद्यांची ही मालिकाच सांगते की पहिला कायदा पुरेसा पडला नव्हता. कायद्याइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची घटना १९७५ साली गडहिंग्लजला घडली. महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने तेथे देवदासींची परिषद भरली आणि ज्यांच्याविषयी तोपर्यंत इतरच बोलत होते, त्या स्वतः बोलू लागल्या. पुढच्या काळात या स्त्रियांनी शासनापुढे ज्या मागण्या ठेवल्या त्या पाहा: निवृत्तिवेतन, घर, मुलांचे शिक्षण, मुलींच्या लग्नाला साहाय्य. देवीने दिले नाही ते त्यांनी शासनाकडे मागितले. माझ्या मते या स्त्रियांनी त्या दिवसांत देवीची जी खरीखुरी ‘सेवा’ केली ती एवढीच, की तिच्या नावाने आणखी एक मुलगी सोडली जाऊ नये म्हणून त्या रस्त्यावर आल्या.

आता कोणी म्हणेल, देवदासी हा अपवाद आहे. एरवी आपली संस्कृती स्त्रीला देवीसमान मानते. हा दावा आपण जरा हिशेबाने तपासून पाहू.

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पीठ आपल्या कोल्हापुरात आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा या वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. त्याच जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा होता ८३९. अंबाबाईच्या जिल्ह्यात, उसाच्या आणि दुधाच्या समृद्धीत, मुली जन्मापूर्वीच नाहीशा होत होत्या. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केलेला होता. आणि २०११ साली सबंध राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. नवरात्रात कुमारिकांचे पाय धुणारे हात आणि सोनोग्राफीची चिठ्ठी घेणारे हात वेगळ्या घरांतले असतात, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल?

दुसरी गोष्ट गाभाऱ्याची. देव स्त्री, पण तिच्या गाभाऱ्यात स्त्रीला मज्जाव, अशी कोल्हापूरच्या मंदिरातील रूढी २०११ सालापर्यंत होती. आंदोलनानंतर ती उठली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन, मंदिरात जाण्याचा हक्क स्त्रियांनाही आहे आणि त्याचे रक्षण करणे शासनाचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट केले. आपल्यापैकी काहींना हे प्रश्न दुय्यम वाटतात. गाभाऱ्यात जाऊन पोट भरत नाही, असे ते म्हणतात. त्यांनी साने गुरुजींचे स्मरण करावे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा मंदिरप्रवेशाने दलितांची भाकरी वाढेल असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. प्रश्न माणूस म्हणून दारात उभे राहण्याचा होता. जिच्या स्पर्शाने देवी बाटते असे मानले जाते त्या स्त्रीला देवीचे रूप म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत भयानक. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातील देवराला गावी रूपकंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली आणि काही दिवसांतच तेथे ‘सतीमाते’च्या जयजयकारासाठी अफाट गर्दी लोटली. देशभरातील स्त्रियांनी निदर्शने केली, सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. पण त्या गर्दीतही स्त्रिया होत्या, हे आपण विसरता कामा नये. जिवंतपणी त्या मुलीला जे काही नाकारले गेले असते ते सारे तिला मरणानंतर मिळाले: नाव, मान, जयजयकार. बाईची देवी करण्यासाठी आधी बाई संपवावी लागते, हे रेणुकेच्या कथेत आहे तेच देवराल्यात घडले.

आणि चौथी गोष्ट जमिनीची. घरात आलेल्या सुनेला आपण लक्ष्मी म्हणतो, माप ओलांडून आत घेतो, दिवाळीत लक्ष्मीची पूजा करतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण होते सुमारे १४ टक्के. पेरणी, खुरपणी, कापणी यांत जी बाई वाकलेली दिसते तिचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर नसते. वडिलांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. पण आजही भावाच्या प्रेमाखातर हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात आहेत. शेतकरी संघटनेशी आमचे अनेक बाबतींत मतभेद होते आणि आहेत. तथापि एका गोष्टीचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन झाले, आणि पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. गावातील शंभर कुटुंबांनी जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे केला की ते गाव लक्ष्मीमुक्त ठरे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे रामावाचूनची सीता आहे; त्या मंदिराचा जीर्णोद्धारही याच प्रेरणेने झाला. लक्ष्मी हा शब्द पूजेच्या ताटातून काढून तलाठ्याच्या दप्तरात नेण्याची ही कल्पना होती. देवीच्या भाषेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

येथे एका विचाराचा परामर्श घेतला पाहिजे. प्राचीन काळी मातृसत्ता होती, तेव्हा देवी होत्या, पुढे पुरुष देव आले आणि स्त्रीची सत्ता गेली; म्हणून देवीची उपासना पुन्हा उजळली की स्त्रीची सत्ताही परत येईल, असे १९७० नंतर युरोप-अमेरिकेतील काही स्त्रीवादी विचारवंत स्त्रिया मांडू लागल्या. आपल्याकडे या विषयाचा अभ्यास त्याआधीपासून आणि अधिक बारकाईने झालेला आहे. दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या वाटा-घाटा पायी तुडवून शेंदूर फासलेल्या, नवरा नसलेल्या मातृदेवतांची ठाणी नोंदविली आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा अर्थ लावला. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’त रेणुकेचा वारुळाशी आणि भूमीशी असलेला संबंध उलगडला. या संशोधनाने आपले डोळे उघडले. ज्या देवीला आपण जमदग्नीची पत्नी म्हणून ओळखतो ती मुळात कोणाचीही पत्नी नसलेली, भूमीसारखी स्वयंभू माता असावी, ही जाणीव साध्या बाईलाही बळ देणारी आहे.

परंतु देवी होत्या म्हणून स्त्रिया स्वतंत्र होत्या, असे अनुमान काढण्याचा मोह टाळावा. आजच्या महाराष्ट्रात देवींची वाण आहे काय? गावोगावी त्या आहेत. तरीही गावोगावी बाईची स्थिती काय आहे, हे मी आताच सांगितले. देवी हा स्त्रीच्या सत्तेचा पुरावा नाही. फार तर ती एक आठवण आहे, किंवा एक इच्छा आहे. इच्छेला कमी लेखू नये. पण इच्छेलाच वस्तुस्थिती समजू नये. देवीचे नाव कोणीही घेऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. दिल्लीत १९८४ साली दोन स्त्रियांनी स्त्रियांची पुस्तके छापणारी संस्था काढली आणि तिला कालीचे नाव दिले. त्याच देवीच्या नावाने पोरींनी काय ल्यावे, कोणाशी बोलावे, हे ठरविणाऱ्या टोळ्याही फिरतात. म्हणून देवीचे नाव घेणाऱ्याला आपण एकच प्रश्न विचारावा: तुझ्या देवीच्या राज्यात बाईचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे?

डॉ. राममनोहर लोहिया यांनी भारतीय स्त्रीपुढे सावित्रीऐवजी द्रौपदीचा आदर्श ठेवला होता. त्यामागे त्यांचा विचार स्पष्ट होता. मरणाच्या दारातून नवऱ्याला परत आणणारी सावित्री सर्वांना प्रिय आहे. भरसभेत ज्येष्ठांना प्रश्न विचारणारी द्रौपदी मात्र कोणाला मुलीचे नाव ठेवण्यापुरतीही चालत नाही. लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेचे स्थान पहिले आहे. त्यांनी पुराणातली स्त्री नाकारली नाही. तिच्यातली प्रश्न विचारणारी स्त्री त्यांनी निवडली. आपल्यालाही हीच निवड करावयाची आहे.

ती निवड कशी करावी हे मला कोणा विचारवंताने शिकविले नाही. याच जिल्ह्यातील एका गावाने शिकविले. शिरोळ तालुक्यातील हेरवाड. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की यापुढे गावात नवरा वारला म्हणून कोणा बाईचे कुंकू पुसले जाणार नाही, मंगळसूत्र तोडले जाणार नाही, जोडवी काढली जाणार नाहीत आणि बांगड्या फोडल्या जाणार नाहीत. करोनाच्या साथीत तरण्याताठ्या बाया विधवा झाल्या होत्या. ते दुःख डोळ्यांपुढे होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव झाला म्हणजे सारे घडले, असे समजण्याइतकी मी भोळी नाही. कितीतरी ठिकाणी बाया स्वतःच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मागे सरतात. पण माझ्या मावशीच्या प्रश्नाला या देशात प्रथमच एका गावाने उत्तर दिले, याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही. देवीला जे दोन महिन्यांनी परत मिळते, ते बाईचे मुळात काढूनच घेऊ नये, असे हेरवाडने ठरविले.

मग आपण कार्यकर्त्यांनी काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

जत्रेला जाणाऱ्या बाईची थट्टा करू नये. तिच्याबरोबर जावे. डोंगरावर पाण्याची, शौचालयाची, निवाऱ्याची सोय आहे की नाही ते पाहावे, गर्दीत एकट्या पडलेल्या मुलीवर लक्ष ठेवावे, आणि रात्री ती गाऊ लागली की ऐकत बसावे. आपल्या सभांत तिला बोलता आले असते तर तिला ओरडण्यासाठी डोंगर चढावा लागला नसता, हे मनाशी कबूल करावे.

दुसरे असे, की जेथे श्रद्धा अंगाला आणि आयुष्याला इजा करते तेथे मात्र भीड ठेवू नये. जट आलेल्या बाईशी पोटच्या मुलीसारखे बोलावे, तिची भीती समजून घ्यावी आणि तिच्या संमतीने, प्रेमाने ती जट सोडवावी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी असंख्य स्त्रियांची मान या ओझ्यातून मोकळी केली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला. त्यांचे काम ज्यांनी थांबू दिले नाही त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

तिसरी गोष्ट, येत्या संक्रांतीला आपापल्या गावी हळदीकुंकू करावे आणि त्यात विधवांना पहिला मान द्यावा. त्याच बैठकीत तलाठ्याला बोलवावे आणि घरावर, जमिनीवर बायकोचे नाव कसे लावावयाचे ते त्याच्याकडून समजून घ्यावे. हळदीकुंकू नको असे म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझा वाद नाही. पण ज्या बाया तेथे येणारच आहेत, त्यांना तिळगुळाबरोबर हक्कही मिळावा.

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. अखेरच्या आजारात तिने मला जवळ बोलावून आपल्या पेटीतली एक पुरचुंडी दिली. मला वाटले, पैसे असतील. तीत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बारा की तेरा, न वापरलेल्या. डोंगरावर देवीपुढे ठेवलेल्या बांगड्यांतून दर काही वर्षांनी एक ती गुपचूप परत आणीत असे. कशासाठी, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिच्या मापाच्या होत्या, एवढे मात्र मी पाहिले.

त्या तिच्या हातात भरण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. घरातली वडीलधारी माणसे भोवती उभी होती, आणि मी, जी सभांतून एवढे बोलते, ती गप्प राहिले. ही कबुली देण्यासाठीच, खरे तर, मी आज येथे उभी राहिले. तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ आली तर भोवती कोण उभे आहे ते पाहू नका. बांगड्या भरा.